किट कार

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचाच्या स्वरूपात विकत मिळणारी आणि खरेदीदाराने किंवा त्याने नेमलेल्या कारागिराने जोडून पूर्ण केलेली मोटार होय. सांगाडा, बाह्य पत्रे आणि काही खास भाग संच विकणारा उत्पादक पुरवतो. इंजिन, गिअरबॉक्स, मागील अ‍ॅक्सल, ब्रेक, स्टिअरिंग इत्यादी भाग बहुधा एखाद्या जुन्या प्रवासी मोटारीतून काढून घेतले जातात. या जुन्या गाडीला 'दाता' गाडी म्हणतात. संच विकत न घेता सांगाडाही स्वतःच वेल्डिंग करून तयार केलेल्या मोटारी याच प्रकारात गणल्या जातात. किट कारचे अनेक उपप्रकार असले, तरी दोन आसनांची, उघडी आणि अतिशय हलकी स्पोर्ट्स कार हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रकार आहे.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील कार्लेखिंड येथे तयार झालेली चिंकारा रोडस्टर हे या परंपरेचे ठळक उदाहरण आहे. भारतात अशी मोटार बांधणे हे कौशल्याचे काम असले तरी शक्य आहे. ती सार्वजनिक रस्त्यावर कायदेशीररीत्या चालवणे मात्र कितीतरी कठीण आहे. त्यामुळे येथे हौशी बांधणीचा कल बंदिस्त ट्रॅक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळा यांकडे राहिला.

वजनाचे गणित

हलक्या स्पोर्ट्स कारचे सारे गुण एकाच राशीतून निघतात, ती म्हणजे वस्तुमान. वेग वाढवण्यासाठी लागणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात असते. वळणावर मोटारीला वर्तुळाकार मार्गावर ठेवण्यासाठी टायरने द्यावे लागणारे बलही वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. थांबताना ब्रेकना जी गतिज ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावी लागते तिचेही तसेच. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ५०० किलोच्या मोटारीची गतिज ऊर्जा सुमारे १९३ किलोज्यूल असते, तर १,२०० किलोच्या मोटारीची त्याच वेगाला सुमारे ४६३ किलोज्यूल. म्हणजे पहिल्या मोटारीला लहान ब्रेक पुरतात आणि ते कमी तापतात. शिवाय लहान ब्रेक आणि लहान चाके स्वतःही हलकी असतात. एका भागाचे वजन घटले की त्याला पेलणाऱ्या दुसऱ्या भागाचेही घटवता येते. भर घातली की हेच चक्र उलट्या दिशेने फिरते.

इंजिनाच्या अश्वशक्तीचा आकडा एकटा पाहिल्यास फसवा ठरतो. ब्रिटनमधील कॅटरहॅम कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या 'सेव्हन १७०' या मोटारीत सुझुकीचे केवळ ६६० घनसेंटीमीटरचे टर्बो इंजिन आहे. त्याची शक्ती ८४ अश्वशक्ती आणि मोटारीचे वजन सुमारे ४४० किलो. ७५ किलोचा चालक धरल्यास दर टनामागे सुमारे १६३ अश्वशक्ती पडते. ९० अश्वशक्तीच्या आणि ९०० किलोच्या नेहमीच्या हॅचबॅकमध्ये हाच आकडा सुमारे ९२ भरतो. अर्थात हलकेपणाची दुसरी बाजूही आहे. शेजारी ७५ किलोचा सहप्रवासी बसला की हॅचबॅकचे हे गुणोत्तर सुमारे ७ टक्क्यांनी घटते, तर हलक्या मोटारीचे जवळजवळ १३ टक्क्यांनी. अशा गाडीत कोण बसले आहे आणि टाकीत किती पेट्रोल आहे, हे चालकाला वळणावर जाणवते.

हवेचा रोध हा या प्रकाराचा मोठा दोष होय. उघडी चाके, उभी काच आणि उघडे आसनस्थान यांमुळे या मोटारींचा रोधगुणांक आधुनिक बंद मोटारींच्या दुपटीहून अधिक असतो. हवेचा रोध मोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, सुरुवातीला झेप घेणारी ही मोटार सरळ लांब रस्त्यावर लवकरच दमते. तिचे क्षेत्र वळणांचे आहे.

उगम

किट कारच्या प्रसारामागे अभियांत्रिकीइतकेच करशास्त्रही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये नव्या तयार मोटारीवर भारी खरेदी कर होता, परंतु सुट्या भागांच्या संचावर तो लागू होत नसे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने या तरतुदीचा लाभ घेत प्रथम 'मार्क सहा' आणि १९५७ पासून 'लोटस सेव्हन' ही मोटार संच स्वरूपात विकली. संचासोबत जोडणीच्या सूचना दिल्यास कर लागण्याचा धोका होता. यावर मोटार 'उकलण्याच्या' सूचना देण्याची युक्ती योजली गेली आणि ग्राहकाने त्या शेवटाकडून वाचायच्या, असे सांगितले जाते. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीला दिले. तेव्हापासून आजपर्यंत ती मोटार मूळ आराखड्याच्या जवळपास राहूनच तयार होत आहे.

१९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या ब्रिटिश लेखकाचे अल्प खर्चात स्पोर्ट्स कार बांधण्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातून 'लोकॉस्ट' नावाची घरगुती बांधणीची चळवळ उभी राहिली. संचही न घेता बाजारातील चौकोनी पोलादी नळ्या आणि एक जुनी गाडी एवढ्यावर मोटार उभी करायची, हे तिचे सूत्र होते.

सांगाडा आणि जोडणी

सेव्हन पद्धतीच्या मोटारीचा गाभा म्हणजे नळ्यांचा त्रिमितीय सांगाडा. लोकॉस्ट आराखड्यात मुख्यतः २५ मिलिमीटर रुंदीची व सुमारे १.६ मिलिमीटर जाडीच्या भिंतीची चौकोनी पोलादी नळी वापरतात. गोदामाच्या पत्र्याखाली जी लोखंडी कैची असते, तिच्यातील तत्त्वच येथे आहे. चार नळ्यांचा चौकोन कोपऱ्यांवर जोर आल्यास कलंडतो, परंतु त्यात तिरपी नळी टाकून दोन त्रिकोण केले की त्याचा आकार टिकतो. मोटारीच्या सांगाड्यातील अडचण अशी की माणसाला बसण्यासाठी आणि इंजिन काढण्या-घालण्यासाठी काही चौकोन उघडेच ठेवावे लागतात. तेथील उणीव मधल्या बोगद्याने, तळाच्या पत्र्याने आणि बाजूंच्या ॲल्युमिनियम पत्र्यांनी भरून काढतात. सांगाडा पिळला जाऊ लागल्यास निलंबनाची कितीही काळजीपूर्वक केलेली मांडणी निरुपयोगी ठरते, कारण चाकाचा कोन रस्त्याऐवजी सांगाडाच ठरवू लागतो.

वेल्डिंगची उष्णता नळी ओढते. म्हणून सांगाडा सपाट टेबलावर जखडून प्रथम सर्व सांधे केवळ टाक्यांनी पकडतात, कर्णांची मापे पुन्हा तपासतात आणि मग आलटून पालटून विरुद्ध बाजूंचे सांधे पूर्ण करतात. एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग करत जाणे ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे. पूर्ण झालेला सांगाडा काही मिलिमीटरने जरी तिरपा असला, तरी चारही चाकांवर भार सारखा वाटला जात नाही. वेल्ड वरून गुळगुळीत दिसणे आणि तो आतपर्यंत शिरलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निलंबनाचे कंस, आसनपट्ट्यांचे आधार आणि स्टिअरिंगचा आधार या जागांचे वेल्ड अनुभवी वेल्डरकडूनच करून घेण्याचा सल्ला जाणकार देतात.

पुढील निलंबनात प्रत्येक चाकासाठी वर-खाली दोन त्रिकोणी भुजा असतात. मागे साध्या मोटारीत दाता गाडीचा सलग अ‍ॅक्सल वापरतात. हा अ‍ॅक्सल जड असला तरी स्वस्त आणि दणकट असतो.

भारतात दाता गाडी निवडताना खरा अडसर इंजिनाच्या दिशेचा येतो. सेव्हन पद्धतीत इंजिन पुढे, लांबीच्या दिशेने बसते आणि शाफ्टद्वारे मागील चाके फिरवते. १९८३ नंतरच्या मारुती ८०० पासून बहुतेक भारतीय लहान मोटारींत मात्र इंजिन आडवे असते आणि ते पुढील चाके फिरवते. लांबीच्या दिशेने बसणारी इंजिने अ‍ॅम्बेसेडर, काँटेसा, मारुती ओम्नी आणि मारुती जिप्सी अशा मोजक्याच गाड्यांत मिळतात. ओम्नी ही सुझुकीच्या कॅरी या मालवाहू व्हॅनवर आधारित गाडी आहे. तिचे ७९६ घनसेंटीमीटरचे इंजिन, छोटा शाफ्ट आणि सलग मागील अ‍ॅक्सल हा जवळपास तयार संचच ठरतो. त्याची सुमारे ३५ अश्वशक्ती कोणाला तुटपुंजी वाटेल. परंतु कॅटरहॅमच्या २०१३ च्या सर्वांत लहान मोटारीतही सुझुकीचे छोटे इंजिन आणि सुझुकीच्याच लहान वाहनाचा सलग अ‍ॅक्सल वापरला होता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. जिप्सीचे १,२९८ घनसेंटीमीटरचे इंजिन अधिक शक्तिमान आहे. ओम्नी आणि जिप्सी या दोन्हींचे सर्वसामान्य ग्राहकांसाठीचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले, त्यामुळे आता जुन्या बाजारातील गाड्यांवरच अवलंबून राहावे लागते.

आडवे इंजिनही वापरता येते, मात्र तेव्हा ते गिअरबॉक्ससह उचलून चालकाच्या मागे बसवतात. कोइम्बतूरचे मोटार शर्यतपटू आणि अभियंते एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चे इंजिन अशाच रीतीने मागे बसवून 'फॉर्म्युला मारुती' ही एकआसनी शर्यतीची मोटार तयार केली. भारतीय शर्यतपटूंच्या एका संपूर्ण पिढीचे शिक्षण या स्वस्त मोटारींवर झाले. १९९५ मध्ये विमान अपघातात करिवर्धन यांचे निधन झाले. कोइम्बतूरजवळील कारी मोटर स्पीडवे या सर्किटला त्यांचेच नाव दिलेले आहे.

महाराष्ट्र व गोव्यातील मोटारी

अलिबाग–पेण मार्गावरील कार्लेखिंड येथे बोथे दांपत्याने २००० च्या दशकाच्या आरंभी चिंकारा मोटर्स हा छोटा कारखाना सुरू केला. तेथील 'रोडस्टर १.८ एस' ही लोटस सेव्हनच्या घाटाची दोन आसनी उघडी मोटार आहे. तिचा बाह्य भाग काचतंतूंचा असून इंजिन इसुझू आराखड्याचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आहे. हिंदुस्तान मोटर्स हेच इंजिन अ‍ॅम्बेसेडर आणि काँटेसा या गाड्यांत बसवत असे. ही निवड सोयीची होती. इंजिन लांबीच्या दिशेने बसणारे, मागील चाके फिरवणारे आणि पाच गिअरचे होते. त्याचे सुटे भाग तेव्हा देशभर मिळत आणि ते उघडता येणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडे. टॅक्सीच्या आणि सरकारी गाडीच्या बॉनेटखाली ओळखीचे असलेले इंजिन निम्म्याच्या आसपास वजनाच्या मोटारीत बसल्यावर किती वेगळे वागते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

याच्या थोडे आधी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, गोव्यात सॅन मोटर्सची 'सॅन स्टॉर्म' ही लहान दोन आसनी मोटार तयार होऊ लागली. तिचाही बाह्य भाग काचतंतूंचा होता, मात्र रेनॉचे १.२ लिटरचे इंजिन पुढे आडवे असून पुढील चाके फिरवी. ती किट कार नव्हती. मोठ्या कंपनीचे यांत्रिक भाग घेऊन त्यांवर हलके शरीर चढवण्याची तिची पद्धत मात्र किट कारचीच होय. दोन्ही मोटारींची संख्या अल्पच राहिली.

या दोहोंपेक्षा अधिक गाजली ती सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराची गाडी. भंगारातील आणि जुन्या वाहनांतील भाग जमवून त्याने आपल्या मुलाच्या हट्टापायी छोटी चारचाकी तयार केली. ती दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पसरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. त्याचबरोबर ही गाडी नियमांत बसत नसल्याने प्रशासन ती कधी ना कधी थांबवेल, असे सांगून तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल झाली. ती स्पोर्ट्स कार नव्हती, परंतु घरी बांधलेल्या मोटारीचे भारतात पुढे काय होऊ शकते, हे तिच्या कथेतून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य कशातून होते.

नोंदणीचा प्रश्न

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. नोंदणीसाठी वाहनाच्या नमुन्याला आधी मान्यता असावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना अधिकृत चाचणी संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. योगायोगाने या संस्थांपैकी दोन प्रमुख संस्था महाराष्ट्रातच आहेत. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील व्हीआरडीई या त्या होत. ब्रेक, दिवे, उत्सर्जन, आवाज, आसनपट्टे अशा अनेक कसोट्यांचा खर्च उत्पादक हजारो गाड्यांवर विभागतो. एकच गाडी बांधणाऱ्यावर तो सगळा एकट्यावर पडतो.

ब्रिटनमध्ये एकाच मोटारीची तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देणारी स्वतंत्र योजना आहे. भारतात नागरिकाने घरी बांधलेल्या एका मोटारीसाठी अशी सुटसुटीत वाट नियमांत आखलेली नाही.

दाता गाडीचे नोंदणीपत्र नव्या मोटारीसोबत ठेवावे, असा मार्ग काहींना सुचतो. तो कायद्यात बसत नाही. कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी न जुळणारे बदल करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वाहन उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाईल असा बदल करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. ओम्नीचा क्रमांक लावलेली उघडी स्पोर्ट्स कार ही कायद्याच्या दृष्टीने ओम्नी राहत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि तिसऱ्या पक्षाच्या नुकसानभरपाईचा भार थेट मालकावर येऊ शकतो. हौशी बांधणीतील सर्वांत मोठा धोका यंत्रशाळेत नसून या कागदांत आहे.

व्यवहारात याचा अर्थ कसा होतो, हे वर्धा जिल्ह्यातील आष्टीसारख्या तालुक्याच्या गावावरून पाहता येईल. तेथे वेल्डिंग आणि ट्रॅक्टर-दुरुस्तीचे कौशल्य आहे व जुन्या गाड्याही मिळतात. सांगाडा उभा राहण्यास अडचण नाही. परंतु वर्ध्याच्या परिवहन कार्यालयाची एमएच-३२ ही नोंदणी त्या मोटारीला मिळण्याचा सरळ मार्ग नाही. ती चालवायची तर ट्रेलरवर लादून खासगी बंदिस्त जागेत न्यावी लागते, आणि पूर्ण लांबीचे मान्यताप्राप्त सर्किट तेथून सुमारे हजार किलोमीटर किंवा त्याहून दूर आहे.

ट्रॅकवरील वापर

भारतात मोटार शर्यतींसाठी बांधलेली पूर्ण लांबीची सर्किटे मोजकीच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किट, २००३ मधील कारी मोटर स्पीडवे आणि २०११ मध्ये सुरू झालेले ग्रेटर नोएडाचे ५.१२५ किलोमीटर लांबीचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही त्यांतील प्रमुख होत. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळ कार्टिंगचा ट्रॅक आहे. लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर सरळ रेषेतील ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. हलक्या मोटारीला बुद्धसारख्या लांब सरळ पट्ट्यांच्या सर्किटपेक्षा कारीसारखे आखूड आणि वळणांचे सर्किट अधिक मानवते.

ट्रॅकवर जाण्याआधी मोटारीची तांत्रिक तपासणी होते. चालकाच्या डोक्याच्या वर येणारी संरक्षक नळी, अनेक बिंदूंवर बांधलेला आसनपट्टा, अग्निशामक, बाहेरून बंद करता येणारा विजेचा खटका आणि घट्ट बसवलेली बॅटरी या बाबी पाहिल्या जातात. उघड्या मोटारीत उंच चालकाचे डोके संरक्षक नळीच्या रेषेबाहेर गेल्यास ती नळी शोभेपुरतीच उरते. शर्यतींचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था करते व त्यासाठी चालकाला परवाना घ्यावा लागतो.

अशा मोटारीत बहुधा अँटिलॉक ब्रेक, कर्षण-नियंत्रण किंवा शक्ती-साहाय्यित स्टिअरिंग नसते. वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक पूर्ण करणे, मग ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरणे आणि बाहेर पडताना थ्रॉटल एकदम न सोडणे, ही शिस्त चालकालाच पाळावी लागते. वळणाच्या मध्यावर घाबरून पाय उचलला की भार पुढील चाकांवर जातो, मागील टायरची पकड सुटते आणि आखूड, हलकी मोटार क्षणात फिरते. नवशिक्यांच्या गिरक्यांचे हे नेहमीचे कारण आहे.

टायरमधील हवेचा दाब हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. हलक्या गाडीला कंपनीच्या जड गाडीसाठी सांगितलेला दाब जास्त होतो. शिवाय ट्रॅकवर टायर तापून तो आणखी वाढतो, म्हणून चार-पाच फेऱ्यांनंतर गरम टायरचा दाब मोजून तो उतरवतात. ब्रेकचे तेल पाणी शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. पावसाळा काढलेल्या गाडीत ते न बदलता उन्हाळ्यात ट्रॅकवर उतरणे धोक्याचे आहे. प्रत्येक सत्रानंतर चाकांचे नट, निलंबनाचे बोल्ट आणि वेल्डजवळील रंगात उमटलेल्या केसासारख्या रेषा पाहतात. रंगातील भेग ही अनेकदा खालच्या धातूतील भेगेची पहिली खूण असते. म्हणूनच कित्येक बांधणारे सांगाड्याला गडद रंगाऐवजी फिकट रंग देतात.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील बांधणी

नोंदणीची अडचण जेथे मुळातच येत नाही असे एक क्षेत्र म्हणजे विद्यार्थी स्पर्धा. सुप्रा एसएईइंडिया (२०११ पासून) आणि कारी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत या स्पर्धांत विद्यार्थ्यांचे संघ एकआसनी हलकी मोटार स्वतः आखून, बांधून चालवतात. मुंबईतील के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग इंडिया आणि विजेवरील मोटारी बांधणारा आयआयटी बॉम्बे रेसिंग हे महाराष्ट्रातील जुन्या संघांपैकी आहेत.

या स्पर्धांत वेगाइतकेच आखणी, खर्चाचा हिशेब आणि सादरीकरण यांनाही गुण असतात. मोटार ट्रॅकवर उतरण्याआधी तिला चालकासह कलत्या फळीवर ६० अंशांपर्यंत तिरपी करतात, तेव्हा वरच्या बाजूची चाके उचलली जाता कामा नयेत. ब्रेकच्या चाचणीत चारही चाके एकाच वेळी जखडली पाहिजेत. यात नापास झालेली मोटार वर्षभराच्या मेहनतीनंतरही शर्यतीत उतरत नाही आणि असे दरवर्षी अनेक संघांच्या बाबतीत घडते. पेट्रोल मोटारींमध्ये इंजिनाला मिळणारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून घ्यावी लागते. त्यामुळे शक्ती वाढवण्याला मर्यादा येते आणि चढाओढ पुन्हा वजनावर येऊन ठेपते. दोन-अडीचशे किलोच्या मोटारीत काही ग्रॅमसाठी कंसाला भोके पाडली जातात. स्पर्धा संपली की बहुतेक संघ ती मोटार उकलतात. इंजिन, डँपर आणि विजेचे महागडे भाग पुढील वर्षाच्या गाडीत जातात आणि जुना सांगाडा नव्या विद्यार्थ्यांना वेल्ड तपासायला शिकवण्यासाठी कार्यशाळेच्या भिंतीला टेकून ठेवला जातो.